डब्यागणिक एक भोक

१

"माणूस असो की माप, तळ पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. चुरीशेठ, या जगातली यच्चयावत लबाडी शेवटी बुडाशी जाऊन बसते," असं कमलाकांत पागधरे यांनी जाहीर केलं, आणि तेवढ्यात खुर्चीची वेताची बैठक फाटून ते स्वतः बुडाशी जाऊन बसले.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. पण वजनमापे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला बसण्याची आणि बसवण्याची दोन्ही सवय असते. गुडघे हनुवटीला टेकलेले असताना, जरा खालच्या पट्टीत, त्यांनी वाक्य पुरं केलं. "म्हणून तळ मी स्वतः पाहणार."

पद्माकर चुरी यांनी त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. ते हसले नाहीत. सत्त्याऐंशी सालच्या त्या सकाळी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हसण्यासारखं कोणाजवळच काही नव्हतं, आणि चुरीशेठांजवळ तर मुळीच नव्हतं. कोंबड्यांचं खाद्य बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. त्यात काल नवा बकेट एलिव्हेटर बसवून पुरा झाला होता, आणि आज तो बिघडला होता. बिघडला म्हणजे, चुरीशेठांच्या मते, बिघडवला गेला होता.

बकेट एलिव्हेटर हा शब्द भारदस्त आहे, वस्तू साधी. उभा लोखंडी बोगदा, चार मजली घराएवढा. आत वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि पट्ट्यावर ओळीने बसवलेले लोखंडी डबे. खालच्या हौदातला भरडा हे डबे भरून वर नेतात, वरच्या चाकावर वळताना ओततात आणि रिकामे होऊन पुन्हा खाली येतात. सरकारी कचेरीत फायली फिरतात तसंच हे, फक्त इथे वर गेलेलं काहीतरी बाहेर पडतं.

आज ते पडलं नव्हतं. कळ दाबली, पट्टा फिरला, वरच्या नळीतून चिमूटभर धूळ आली, आणि बोगद्याच्या आत भरड्याचा पाऊस पडल्यासारखा आवाज येत राहिला. चुरीशेठांनी यंत्र थांबवून पाहणीची खिडकी उघडली, आत पाहिलं, खिडकी बंद करून कुलूप घातलं, "घातपात झाला आहे" एवढंच सगळ्यांना सांगितलं आणि पागधऱ्यांना आणायला पालघरला जीप पाठवली.

पागधऱ्यांनाच का, हे पालघरला कोणी विचारलं नसतं. कधी काळी बाजारात एका रॉकेलवाल्याचं माप उलटं करून त्यांनी त्याचा खोटा तळ सगळ्यांदेखत ठोकून दाखवला होता. त्या एका तळावर ते निवृत्तीनंतरही उभे होते. मूळचे ते घिवलीचे. भाऊ होड्या घेऊन समुद्रात गेले, हे तागडी घेऊन बाजारात गेले, आणि मासे दोन्हीकडे सापडले असं ते म्हणत.

चुरीशेठांनी कुलूप काढलं. पागधऱ्यांनी बॅटरी मारली. खिडकीसमोर पट्ट्यावरचा एक कोरा लोखंडी डबा उभा होता, आणि त्याच्या तळाला बरोबर मधोमध करंगळी आरपार जाईल असं एक भोक होतं.

चुरीशेठांनी पट्टा हाताने फिरवला. दुसरा डबा आला. त्यालाही भोक. तिसऱ्याला भोक. पट्टा फिरत राहिला आणि डब्यामागून डबा येऊन आपलं भोक दाखवून जात राहिला, जशी शाळेत तपासणीला उभी केलेली पोरं नखं दाखवून पुढे सरकतात.

पागधऱ्यांनी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, आणि "हं" म्हणाले.

"कोणी केलं ते मला ठाऊक आहे," चुरीशेठ म्हणाले. "तुम्ही फक्त सिद्ध करा. संध्याकाळी मी पोलिसांना बोलावतोय."

२

"दामू," चुरीशेठ म्हणाले. "आमचा फिटर. पट्टा त्यानेच चढवला, डबे त्यानेच लावले. हाताखाली भिका होता, पण भिका नुसता पाना द्यायला."

"त्याने का द्वेष धरावा?"

"त्याला कायम व्हायचं होतं. मी म्हटलं, हा एलिव्हेटर उभा राहू दे, मग पाहू. तर हा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणतो, 'शेठच्या धंद्याच्या बुडाला भोक पडंल.' साक्षीदार आहेत."

शाप आणि गुन्हा इतके तंतोतंत जुळलेले पागधऱ्यांनी क्वचितच पाहिले होते. त्यांना थोडी निराशाच वाटली.

"शिवाय मुख्य मुद्दा ऐका," चुरीशेठ बोटं मोडत म्हणाले. ते इंजिनिअर होते आणि मुद्दा आला की बोटं मोडत. "पट्टा आधी वरच्या चाकावरून खाली सोडतात, ताणतात, टोकं जोडतात. मग या खिडकीतून एकेक डबा पट्ट्याला बोल्टने आवळायचा. एका बाजूला थोडे लावले की पट्टा फिरवून समोर थोडे, नाहीतर जड बाजू धाडकन खाली येते. म्हणजे प्रत्येक डबा दामूच्या नाकासमोर आला. आणि नट डब्याच्या आतून पिळायचा असतो. हात आत, डोळे आत. तळाचं भोक दिसलं नाही असं होणं शक्य आहे का?"

"नाही," पागधरे म्हणाले.

"दिसलं, आणि बोलला नाही. का बोलला नाही?"

पागधऱ्यांनी पुन्हा "हं" केलं. पण या वेळचं हं जरा पातळ होतं.

"त्याला काय विचारलंत?"

"काहीच नाही. तुझा गुन्हा तुला ठाऊक आहे, बस तिथे, एवढंच म्हटलं. भोकांचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर सावध होतील."

"उत्तम," पागधरे म्हणाले, कारण हे त्यांचंच तत्त्व होतं. अचानक तपासणी हा त्यांच्या खात्याचा प्राण. साक्षीदाराला प्रश्नाचा विषय कळता कामा नये, नाहीतर तो उत्तर देतो.

इतक्यात दार ढकलून एक उंच, काटक बाई चहाचे पेले घेऊन आत आल्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, चालण्यात मालकी. ही चुरीशेठांची आत्या, हिराआत्या, कारखान्याची अर्धी भागीदार. पालघरजवळच्या माहीमची पानवाडी भावाच्या मागे तिनेच पिकवली आणि पद्माकरला तिनेच शिकवलं. कारखाना निघाल्यापासून ती रोज सकाळच्या एसटीने येऊन सगळीकडे फिरे आणि कोणाचा सदरा मळका आहे ते सांगे.

"काय झालं म्हणे? काय फुटलं?" आत्याने विचारलं.

"आत्या, यंत्राचं आहे. तुला नाही कळायचं."

"बरं," आत्या म्हणाली. "साहेब, ती खुर्ची कोणी दिली तुम्हाला? ती मोडकी हाय."

"आता कळलं," पागधरे म्हणाले.

"आणि त्या दामूला बाकावर का बसवून ठेवलाय? सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाय त्याच्या. काय केलं त्यानं?"

"आत्या."

"बरं, बरं." ती गेली.

चहा चांगला होता. पागधऱ्यांनी तो पिता पिता ठरवलं की एक गोष्ट या सगळ्या हिशेबात बसत नाही. त्यांनी बोट वर केलं. तेच बोट, जे भोकावरून फिरवलं होतं.

"शेठ, लोखंडाला भोक पाडलं की कडेला पत्र्याचे काटे निघतात. हात फिरवला तर रक्त येतं. माझं बोट पाहा."

चुरीशेठांनी पाहिलं. बोट धडधाकट होतं.

"प्रत्येक भोकाची कड कानशीने घासलेली आहे. तुमचा सत्यानाश करायला निघालेला माणूस, शेठ, कानस कशाला मारील?"

३

भांडारात जयवंती बसे. वस्तू आली की ती मोजून घेई, गेली की मोजून देई, आणि मधल्या वेळात विणकाम करी. पागधऱ्यांना पाहून तिने सुया खाली ठेवल्या नाहीत.

"तुम्ही वजनमाप्यांचे पागधरे ना?"

"होय."

"सातपाटीला माझ्या मावशीची तागडी तुम्हीच जप्त केलेली."

"तो न्याय होता, बाई."

"मावशीचं म्हणणं वेगळं हाय," जयवंती म्हणाली. "विचारा काय ते."

पागधऱ्यांनी हात पाठीमागे बांधले. "डबे मुंबईहून आले त्या दिवशी तुम्हाला काही संशयास्पद आढळलं?"

"नळाला पाणी नव्हतं."

"डब्यांबद्दल विचारतोय."

"तेच सांगते. पिंप होतं, तांब्या नव्हता. मी एक डबा घेतला, पिंपात बुडवला नि पाणी तोंडावर मारलं. डबा पुसून परत ठेवला. आता त्याच्यावर पण जप्ती आणणार असाल तर आणा."

पागधऱ्यांच्या कानशिलाशी काहीतरी ठोकल्यासारखं झालं. भोकाच्या डब्यातून कोणी तोंड धूत नाही. म्हणजे डबे इथे आले तेव्हा धड होते.

"इथून ते कुठे गेले?"

"लालताप्रसादच्या शेडला. पट्ट्यावर लावायला डब्यांच्या पाठीला बोल्टची भोकं लागतात, ती पाडायची होती. टेम्पोतून गेले आणि तिकडूनच परस्पर दामूकडं."

"टेम्पोत कोण होतं?"

"हिराआत्या. शेठचा दुसऱ्या कोणावर विश्वास नाय. आत्या बसली की टेम्पोतला खिळासुद्धा हलत नाय."

पागधऱ्यांनी मान हलवली. आत्या बरोबर असताना वाटेत काही होणं शक्य नव्हतं. तेवढा रस्ता त्यांनी मनातल्या मनात खोडून टाकला.

"दामूने टपरीवर काय म्हटलं होतं?"

"बुडाला भोक पडंल म्हणाला. पण साहेब, तो रागावला की असंच बोलतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, तुझ्या लोकरीला वाळवी लागो. लोकरीला वाळवी लागते का कधी?"

"आणि दामूची जागा रिकामी झाली, तर तुमचा भाऊ फिटर आहे, असं ऐकलं."

आता मात्र सुया थांबल्या.

"भाऊ फिटर हाय आणि आळशी हाय," जयवंती म्हणाली. "आला तर याच शेडमध्ये माझ्या डोळ्यांपुढं झोपंल. मला काय हौस हाय?"

हा पुरावा पागधऱ्यांना निर्णायक वाटला. ते निघाले. दारात पोचले तेव्हा जयवंती मागून म्हणाली, "साहेब, भोकं पाडायचं मशीन या लायनीत एकाकडंच हाय. एवढं तुम्हाला ठाऊक असंलच."

४

लालताप्रसादची शेड रस्त्यापलीकडे होती. तो जौनपूरकडचा, बोईसरला येऊन जुना झालेला, आणि आपल्या हातावर मनापासून खूश असलेला कारागीर होता. ड्रिल मशीनशेजारी त्याने उदबत्ती लावली होती.

"बैठिए साहब."

पागधऱ्यांनी स्टुलाचा तळ पाहिला आणि मग बसले.

"लालताप्रसाद, चुरीशेठ के डबे तुम्हारे पास थे. उस वक्त कुछ ऐसी-वैसी बात हुई?"

"साहब, ऐसी-वैसी बात तो बोईसर में रोज होती है. हमारे यहाँ नहीं हुई."

"कोई बाहर का आदमी आया?"

"कोई नहीं."

"डिब्बों को किसी ने नुकसान पहुँचाया?"

लालताप्रसादला हा प्रश्न लागला. "नुकसान? हमारे यहाँ? साहब, जो काम बोला गया, वो किया. जितना बोला, उतना किया. बल्कि ऊपर से कानस मारी, वो किसी ने बोला भी नहीं था. लालता का छेद है, उँगली फेर लीजिए, कटेगी नहीं."

पागधरे स्टुलावर बसल्या बसल्या ताठ झाले. त्यांनी आपल्या धडधाकट बोटाकडे पाहिलं. मग बाकावरच्या गोल कानशीकडे पाहिलं. हात सापडला होता.

पण हात सापडला म्हणजे डोकं सापडतं असं नाही. या माणसाने तळाची भोकं पाडली, हे उघड होतं. पण तो ते लपवत होता का? लपवणारा माणूस कानशीची फुशारकी मारील का? की दामूने त्याला फितवलं, आणि हा इतका बनेल आहे की अर्धं खरं सांगून पूर्ण खोटं पचवतोय? विषय न सांगता प्रश्न विचारायचं तत्त्व आड आलं नसतं, तर त्यांनी सरळच विचारलं असतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

"दामू को पहचानते हो?"

"दामू? अपना आदमी है," लालताप्रसाद मोकळेपणाने म्हणाला. "उसके लिए तो जान हाज़िर है."

पागधरे जड पावलांनी रस्ता ओलांडून परत आले. फितुरी ठरली होती. चुरीशेठांचंच खरं होणार, दामू तुरुंगात जाणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होणार. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो होईना.

५

दामू टाइम ऑफिसच्या बाकावर होता. रुंद खांद्यांचा, चाळिशीचा माणूस, हात गुडघ्यांत घालून. शेजारी केळीच्या पानात बांधलेला जेवणाचा पुडा न उघडता ठेवलेला. आत्याने पाठवलेला असावा. पागधरे शेजारी बसले.

"जेव आधी."

"उतरत नाय, काका."

"का?"

दामूने पुडा बाजूला सारला. मग म्हणाला, "पोलिसात देणार म्हणतात. माझी बायको हंसा काल सगळ्या आळीला सांगून आली, आमचा माणूस कायम होतोय म्हणून. आता कायमचं बघा कुठं होतंय."

"गुन्हा केलास का?"

"चूक झाली असंल," दामू खाली बघत म्हणाला. "माझीच असंल."

पागधऱ्यांसमोर कबुली आली होती आणि त्यांना ती नको होती.

"कसली चूक?"

"पट्टा. टोकं जोडताना कुठं सैल ऱ्हायला असंल. नायतर तिरका बसला असंल. सकाळपासून डोक्यात तोच फिरतोय. दोनदा ताणून बघितलेला मी, काका. भिकाला विचारा. पण भरडा वर जाईना म्हणजे पट्टाच घसरत असंल, दुसरं काय?"

पागधरे त्याच्याकडे पाहत राहिले. तिसऱ्या माणसाने कान दिला असता तर त्याला वाटलं असतं की हे दोघं दोन वेगळ्या गुन्ह्यांबद्दल बोलताहेत. आणि ते खरंच होतं.

दमल्यावर माणूस तत्त्व विसरतो आणि गावाचं बोलायला लागतो. पागधरे म्हणाले, "दामू, मी घिवलीचा. आमच्याकडे दुष्मनी काढायची तर एकच रीत. होडीच्या बुडाला भोक. होडीला भोक पाडणाऱ्याला गाव पाणी देत नसे. म्हणून भोक दिसलं की मला आधी दुष्मन दिसतो."

"होडीला कोण पाडील? भोक पाडायचं ते लोट्याला," दामू सहज म्हणाला.

"कसल्या लोट्याला?"

"रहाटाच्या. काका, तुमी समुद्रावरचे, तुमाला वाडी कशी ठाऊक असणार? आमचा बाप माहीमला रहाटावर होता. विहिरीवर मोठं चाक, त्याच्यावर दोराची माळ, माळेला मातीचे लोटे. बैल फिरतो, लोटे भरून वर येतात, पाटात ओततात. त्या एकेका लोट्याच्या बुडाला एक भोक. नवा लोटा बिनभोकाचा आला तर आधी भोक पाडायचं, मग माळेला बांधायचा. बापानं पयलं कायतरी शिकवलं असंल तर ते."

"पण मग पाणी गळतं ना?"

"गळतं थोडं. चालता रहाट एवढ्या भरभर आणतो की कळत पण नाय. पण बैल थांबला की लोटे आपोआप रिते होतात. नाय झाले तर भरल्या लोट्यांचं वजन रहाट उलटा ओढतं."

पागधऱ्यांनी हळूच विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर उत्तर उडून जाईल. "दामू, काल डबे लावताना तळाची भोकं दिसली होती तुला?"

"दिसली की."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं?" दामूने प्रथमच मान वर केली. "मला बरं वाटलं. भिकाला म्हटलं पण, मुंबईच्या कंपनीवाल्यांना पण अक्कल हाय म्हणायचं, लोटे नीट बनवलेत."

पागधरे उठून उभे राहिले. पत्त्यांचा कॅट पिसून झाल्यावर सगळी पानं आपल्याच हाताने रंगवार लागावीत तसं झालं होतं. लालताने केलं, पण त्याला कोणीतरी सांगितलं. सांगणारा दुष्मन नव्हता. तो वाडीचा होता, रहाट जाणणारा होता, आणि भांडार सोडल्यापासून पट्ट्यापर्यंत डब्यांच्या बरोबर होता. असं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला पागधऱ्यांनी सकाळीच, भांडारात जयवंतीशी बोलताना, आदराने वगळलं होतं.

"काका, कुठं चाललात?"

"जेव तू," पागधरे म्हणाले. "पट्टा बरोबर आहे."

६

उन्हं कलली तेव्हा चुरीशेठांच्या खोलीत सगळे जमले. जयवंती विणकामासकट आली. लालताप्रसाद हात पुसत आला. दामूला भिंतीशी उभं केलं होतं. हिराआत्या खिडकीपाशी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती, कारण तिच्या मते माणसं बसूनच आहेत तर हात कशाला रिकामे. चुरीशेठांचा हात फोनवर होता.

"मंडळी," पागधरे म्हणाले, आणि उभेच राहिले. "या कारखान्यात एकही शत्रू नाही. पुरावा पहिला, भोकाची कड घासलेली आहे. वैरी काटे ठेवून जातो. हे काम आपुलकीने केलेलं आहे. पुरावा दुसरा, डबे लावणाऱ्यांना भोकं दिसली आणि खटकली नाहीत, कारण ज्या वाडीत ते वाढले तिथे लोट्याला भोक नसणं हीच चूक मानतात. आणि तिसरा..."

तिसऱ्या पुराव्यापाशी त्यांचा आवाज अडखळला. मालकाच्या आत्याचं नाव मालकाच्या खोलीत घ्यायचं कसं, याची तरतूद वजनमापे कायद्यात नव्हती. ते लालताकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा साक्षीदाराला सरळ विचारलं.

"लालताप्रसाद, डिब्बों के तले में छेद किसने किया?"

"हमने," लालता म्हणाला. "सबमें."

"बोला किसने?"

"आत्याजी ने."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे दिवसभर त्या भोकांचंच चाललं होतं होय?" आत्या शेंग सोलता सोलता म्हणाली. "मला वाटलं कायतरी फुटलं. मीच पाडून घेतली. बिनभोकाचे लोटे लावतात का कोणी? बघितलं तर एकाला पण भोक नाय. मी म्हटलं, हे मुंबईवाले विसरले."

"आत्या," चुरीशेठ कसेबसे म्हणाले, "तो रहाट नाही. तो एलिव्हेटर आहे. त्यात पाणी नसतं, भरडा असतो. पाणी थोडं गळतं, भरडा सगळा गळतो."

"रहाटच तो. उंच केला म्हणून काय झालं?" आत्याने शेंग खाली ठेवली. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली सगळी हालचाल थांबली. "पद्या, तुझ्या बाबांचा खांदा कशानं गेला? त्या वर्षी नवे लोटे घाईनं बांधले. भोकं पाडायची राहिली. बैल सोडला आणि भरली माळ उलटी फिरली. आडवा दांडा गर्रकन आला तो दादाच्या खांद्यावर. तू तेव्हा बोर्डिंगात होतास. मी तिथं होते. दादानं परत कधी उजव्या हातानं घास नाय घेतला." तिने दामूकडे हनुवटी केली. "तुझ्या या चार मजली रहाटाखाली हा उभा राहणार होता. याची बायको पोटुशी हाय."

चुरीशेठांनी बोटं मोडायला हात उचलले आणि मोडली नाहीत.

"वरच्या चाकाला अडकण बसवलेली आहे, आत्या," ते हळू आवाजात म्हणाले. "उलटं फिरूच शकत नाही."

"ते मला कोण सांगणार? मी काय पण विचारलं की म्हणतोस, यंत्राचं आहे, तुला नाय कळायचं."

जयवंतीने एक टाका घातला, आवाज न करता.

मग चुरीशेठ उठले. भिंतीपर्यंतचं अंतर चार पावलांचं होतं, पण ते त्यांना चालायला वेळ लागला. दामूसमोर जाऊन ते म्हणाले, "दामू, माझं चुकलं. दिवसभर बसवून ठेवलं तुला."

दामूने विचारलं, "म्हणजे पट्टा बरोबर हाय?"

"पट्टा उत्तम आहे. सगळे डबे उतरवायचे, लालताकडून भोकं बुजवून घ्यायची आणि पुन्हा लावायचे. ते तूच लावायचे, दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही. आणि उद्यापासून तू कायम. हंसाला जाऊन सांग."

"तिनं आधीच आळीला सांगितलंय," दामू म्हणाला. आणि मग एकदम त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो छताकडे बघायला लागला.

"बुजवना भी हमको ही है?" लालताप्रसादने विचारलं. "ठीक है. ऐसा बुजाऊँगा, साहब, उँगली फेर लीजिए, पता नहीं चलेगा."

पागधऱ्यांना वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. दिवस कोणाच्या तरी भाषणाने मिटल्याशिवाय तो मिटला असं त्यांना कधी वाटत नसे. त्यांनी घसा साफ केला. दहा-बारा मैलांच्या अंतरात एका गावाला भोक म्हणजे मरण आणि दुसऱ्या गावाला भोक म्हणजे जीवदान, आणि कायदा मात्र दोन्हीकडे एकच, अशा अर्थाचं एक लांब वाक्य त्यांनी सुरू केलं. त्यात माणुसकी आली, विज्ञान आलं, न्यायाची तागडी आली, आणि जयवंतीकडे पाहून ती तागडी त्यांनी परत घेतली. वाक्य शेवटाला नेताना त्यांचा आवाज इतका गंभीर झाला की लालताने नकळत हात जोडले.

आत्याने सोललेल्या शेंगांची परडी उचलली.

"साहेब, तुमचं बोलणं संपलं असंल तर तेवढं याला हिंदीत सांगा," ती लालताकडे बोट दाखवत म्हणाली. "सगळेच बुजवू नको म्हणावं. चार डबे तसेच ठेव. दाराशी ओवा नि गवती चहा लावायचाय मला, पाणी साचलं की मुळं कुजतात."